तिच्यासारख्याच मुलांत बसवून ती अधिकच खचणार नाही ना?

मी नैराश्यातल्या मुलांचा चित्रोपचाराचा, म्हणजे चित्र काढण्यातून मनाला आधार देण्याचा, गट घेते. गोव्यातल्या डिचोलीकडच्या एका आईने पहिल्याच भेटीत विचारले, "मॅडम, आमची बाय आधीच खोलीबाहेर येत नाही. तिच्यासारख्याच आणखी सात जणांत बसवली तर अधिकच खचणार नाही का? आणि तिला चित्र तरी कुठे येते?" (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) हा प्रश्न बहुतेक पालक विचारतात आणि तो रास्त आहे.

बारावीतली ती मुलगी नैराश्यावर मनोविकारतज्ज्ञांचे औषध घेत होती, ते चालूच राहिले. चित्रोपचार हा औषधाला पर्याय नव्हे. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार तीव्र असतील, तर मी त्या मुलाला गटात घेत नाही. तिथे आधी डॉक्टर, आणि अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक. गटात स्वतःला इजा करण्याच्या तपशिलांची चर्चाही होऊ देत नाही, कारण आईची भीती खरी ठरते ती तिथेच. दुसऱ्याच्या चित्राचा अर्थ सांगायचा नाही, हा नियम मात्र मलाच सर्वांत जड जातो.

तीन आठवडे तिने कागद कोराच परत दिला. चौथ्या आठवड्यात आम्ही देवळांच्या भिंतींवरच्या कावीची, म्हणजे तांबडा थर खरवडून खालच्या पांढऱ्यातून चित्र उघडे करण्याच्या कलेची, रीत कागदावर उतरवली. पांढऱ्या मेणखडूचा जाड थर द्यायचा, त्यावर साबणाचा थेंब घातलेला तांबडा पोस्टर कलर फासायचा आणि वाळला की तो खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. खरवडायला आइस्क्रीमची लाकडी काडी देतो. खिळा मुद्दाम टाळतो. येथे हात सफाईदार असण्याची गरज नसते, रेघ वाकडी गेली तरी ती कावीतलीच वाटते. तिने एक घड्याळ खरवडले, काटे तीनवर. समोरच्या मुलाने ते पाहिले आणि हळूच विचारले, "तूही तीनला जागी असतेस?" तिने मान हलवली, आणि थोड्या वेळाने आपणहून म्हणाली, "रोज."

इतकेच घडले. महिनोन्‌महिने 'मी एकटीच अशी' या समजुतीत राहिलेल्या मुलीला तो प्रश्न माझ्या कुठल्याही समजावणीपेक्षा जवळचा वाटला असावा. पुढे एकदा दुसऱ्या मुलीचे रडणे पाहून ती अस्वस्थ झाली, तेव्हा निघण्यापूर्वी तिच्याशी वेगळे बोलावे लागले.

दहा आठवड्यांनंतर तिची झोप अजून तुटते, पण ती बसने कॉलेजला जाते. ते चित्र आईला पाहायचे होते. मुलगी नको म्हणाली, म्हणून मीही दाखवले नाही.