मेपलच्या बुडाशी शेवाळ

प्रश्न : जपानी मेपलच्या बोन्सायवर शेवाळाचे तुकडे बसवले, पण आठवड्याभरात ते पिवळे पडून कडेनं उचलले गेले. काय चुकलं?

उत्तर : तुकड्यांखाली पोकळी राहिली असणार. पहिल्या वर्षी मीही अस्साच गालिचा अंथरला होता! आता वाळलेलं शेवाळ चाळणीवर चोळते, तेवढाच स्फॅग्नमचा (पाणी धरून ठेवणाऱ्या दलदलीतल्या शेवाळाचा) चुरा मिसळते, ओल्या मातीवर जेमतेम 3-4 मिलिमीटर पसरून तळव्यानं दाबते. मग रोज बारीक फवारा. हिरवं व्हायला दीड-दोन महिने धीर धरावा लागतो. बुंध्याभोवती बोटभर जागा मोकळी ठेवा. मेपलची साल पातळ, सतत ओल राहिली की कुजते. वरच्या हिरवाईवरून पाण्याचा अंदाज बांधू नका, काडी खुपसून बघा. आणि खोड अजून पेन्सिलीएवढंच असेल, तर शेवाळाची घाई कशाला? आधी मोठ्या कुंडीत मोकळं वाढू द्या.