नाकाशेजारच्या लाल शिरा

प्रश्न : वय ४६. म्हापशाच्या बाजारात उघड्यावर भाजी विकते. नाकाशेजारी, गालांवर दोऱ्यासारख्या लाल शिरा उठल्यात. फार्मसीतलं गोरेपणाचं मलम लावलं, तर आधी चेहरा उजळला, आता शिरा जास्तच दिसतात. काय लावू?

उत्तर : ताई, आधी त्या ट्यूबवरची बारीक अक्षरं मुलांकडून वाचून घ्या. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काही असेल तर ते स्टिरॉइड. महिनोन्‌महिने चोळलं की कातडी पातळ होते, शिरा रुंदावतात. मात्र एकदम सोडलंत तर लाली उसळते. त्वचारोगतज्ज्ञांना ट्यूब दाखवूनच सोडा.

शिरा कायमच्या रुंदावल्यात, त्या कुठल्याही क्रीमने पुसल्या जात नाहीत. कोरफडीनेही नाही, थंडावा तेवढा मिळेल. खरा उपाय लेझरचा. आपल्या सावळ्या कातडीवर डाग राहू शकतात, म्हणून १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचं ‘एनडी-याग’ नावाचं लेझर बहुधा जास्त सुरक्षित. बैठका एकाहून जास्त लागतात. पार्लरात मात्र हे करून घेऊ नका!

चेहरा भगभगतो, पुळ्या येतात? मग रोझेशिया, म्हणजे चेहरा लाल करणारा त्वचेचा आजार, असू शकतो, त्याचे उपचार वेगळे. आणि पाटीवर मोठी छत्री लावा. भाजीही कोमेजणार नाही. एसपीएफ ३० चं सनस्क्रीन सकाळी लावाच, घामाने गेलं की पुन्हा.