वाचकांचे प्रश्न : लिनक्सला व्हायरस कमी का लागतात?

प्रश्न : आमच्या शाळेच्या संगणक कक्षात काही यंत्रांवर विंडोज आणि काहींवर उबुंटू लिनक्स आहे. मुलांच्या पेन ड्राइव्हमधून येणारा ‘शॉर्टकट व्हायरस’ विंडोजच्या यंत्रांना वारंवार लागतो, उबुंटूला मात्र काहीच होत नाही. लिनक्स वापरणारे थोडे म्हणून त्याला व्हायरस कमी, असे सहकारी सांगतात. हे कारण पुरेसे आहे का? लिनक्सवर अँटिव्हायरस लागतच नाही, असे समजावे का?
— एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : सहकाऱ्यांनी सांगितलेले कारण खरे आहे, पण अर्धेच. व्हायरस हाही एक प्रोग्रॅमच असतो आणि विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्रॅम लिनक्सवर सहसा चालत नाही. त्यामुळे घराघरांत आणि कार्यालयांत ज्या प्रणालीचे संगणक अधिक, तिच्यासाठीच व्हायरस लिहिणे फायद्याचे ठरते. मात्र इंटरनेटवरील सर्व्हरांमध्ये लिनक्सचे प्रमाण फार मोठे आहे आणि तेथील माहितीही मोलाची असते, तरीही पेन ड्राइव्हवरून पसरणाऱ्या व्हायरसांसारखी साथ तेथे दिसत नाही. तेव्हा कारण प्रणालीच्या घडणीतही शोधावे लागते.

अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत १९६९ साली सुरू झालेली युनिक्स ही संगणक प्रणाली एकाच यंत्रावर अनेकांनी काम करावे यासाठी घडत गेली. साहजिकच कोणती फाइल कोणी वाचावी, कोणी बदलावी आणि कोणी चालवावी, याचे नियम तिच्यात फार लवकर आले. १९९१ मध्ये जन्मलेल्या लिनक्सने तीच रचना स्वीकारली. याउलट विंडोज ९५ आणि ९८ मध्ये कोणताही प्रोग्रॅम यंत्रातील जवळजवळ कोणतीही फाइल बदलू शकत असे. २००१ च्या विंडोज एक्सपीत परवानग्यांची सोय होती, पण घरगुती वापरकर्त्याला बहुधा प्रशासकाचेच खाते मिळे. म्हणजे त्याने चुकून उघडलेल्या व्हायरसलाही तेच अधिकार मिळत. पुढच्या विंडोज व्हिस्टापासून प्रणालीत बदल करण्याआधी संमती विचारण्याची पद्धत आली आणि तेव्हापासून विंडोज बरीच सुधारली आहे, हे प्रांजळपणे सांगायला हवे.

माझ्या मते याहूनही महत्त्वाचा मुद्दा सॉफ्टवेअर कोठून येते हा आहे. उबुंटूत ते बहुतांशी अधिकृत भांडारातून येते आणि त्यावरील डिजिटल स्वाक्षरी तपासली जाते. आपल्याकडे विंडोजवर मात्र ओळखीच्या माणसाकडून आणलेली, क्रॅक केलेली प्रत बसवण्याची सवय वर्षानुवर्षे रुजली आणि व्हायरसांना त्यासारखा सोपा मार्ग दुसरा नाही.

तुमच्याकडील शॉर्टकट व्हायरस पेन ड्राइव्हवरील खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावांचे शॉर्टकट मांडून ठेवतो. मुलाने त्यावर क्लिक केले की आधी व्हायरसची स्क्रिप्ट (आज्ञांची छोटी फाइल) चालते आणि मग फोल्डर उघडतो, म्हणून संशय येत नाही. उबुंटूला हे शॉर्टकट चालवता येत नाहीत आणि विंडोजच्या लपवण्याच्या खुणेकडे ती सहसा लक्षही देत नाही; त्यामुळे मूळ फोल्डर तेथे सरळ दिसतात.

तरीही लिनक्स अभेद्य नाही. १९८८ चा मॉरिस वर्म हा जाळ्यातून आपोआप पसरणारा प्रोग्रॅम युनिक्स यंत्रांवरच पसरला होता आणि २०१६ मध्ये मिराई या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले असंख्य लिनक्स कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. शिवाय परवानग्यांमुळे प्रणालीचे रक्षण होत असले, तरी विद्यार्थ्याने स्वतः चालवलेला घातक प्रोग्रॅम त्याच्या स्वतःच्या फाइली पुसू शकतोच.

म्हणून उबुंटूच्या यंत्रांवर सतत चालणारा अँटिव्हायरस नसला तरी चालेल, पण अपडेट थांबवू नयेत. उबुंटू स्वतः निरोगी राहिली तरी तिच्यावरून गेलेला पेन ड्राइव्ह स्वच्छ होत नाही, तो पुढे विंडोजला बाधा देऊ शकतो. त्यासाठी क्लॅमएव्ही हे मोफत साधन वापरून तो तपासता येईल. विंडोजच्या यंत्रांवर मुलांना प्रशासकाचे खाते देऊ नये, विंडोजसोबत येणारा डिफेंडर हा अँटिव्हायरस चालू ठेवावा आणि बाहेरून आलेला पेन ड्राइव्ह प्रथम उबुंटूवर उघडून त्यातील शॉर्टकट व अनोळखी स्क्रिप्ट काढून टाकाव्यात.