आवाज बसलाय, आणि बँड म्हणतोय नोकरी सोड

'मावशी, मी 24 वर्षांचा, मूळचा जालन्याचा. वाळूज एमआयडीसीत प्रेस शॉपला आहे. रात्री हेवी मेटल बँडमध्ये गातो, ग्रोल करतो, म्हणजे घशातून गुरगुरल्यासारखं गातो. पाच आठवडे झाले, बसलेला आवाज सुटंना. पुढच्या महिन्यात पुण्यात शो आहे. बँडवाले म्हणायलेत, नोकरी सोड, नाहीतर दुसरा गायक बघतो. बाबा म्हणायलेत, हा आरडाओरडा बंद कर. काय करू?'

लेकरा, नोकरीचं नंतर बघू, आधी गळा. घोगरेपणा तीन आठवड्यांच्या वर राहिला की कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचंच. संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात ओपीडी आहे. तिथं 'दुर्बिणीतून स्वरयंत्र बघा' असं स्पष्ट सांग. काय गातोस, किती वेळ गातोस, तंबाखू-गुटखा आहे का, सगळं सांग. नुसत्या गोळ्या घेऊन परत येऊ नको. स्वरतंतूंवर बारीक गाठी निघाल्या तरी हबकून जाऊ नको, त्या बहुतेकदा आवाजाची विश्रांती आणि स्पीच थेरपीनं कमी होतात. तपासणी होईपर्यंत ग्रोल पूर्ण बंद. कुजबुजूही नको, त्यानंही गळ्यावर ताण येतो.

आता हे झालं कशानं? सगळा दोष ग्रोलवर टाकू नको. प्रेस शॉपमध्ये दिवसभर मशीनच्या आवाजावर ओरडून बोलावं लागतं. म्हणजे सरावाला पोचतोस तेव्हा गळा आधीच सुजलेला असतो. कंपनीत इअरप्लग घाल, हातवारे ठरवून घ्या, बोलायचंच असेल तर माणसाजवळ जाऊन बोल.

दुसरं कारण सरावाच्या खोलीत आहे. ड्रम आणि दोन गिटार यांच्यात स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस नकळत जोर लावतो. तिथंच गळे जातात. गिटारचा अँप (तिचा आवाज मोठा करणारा स्पीकर) जमिनीवर ठेवून तुमच्या पायांवर वाजवू नका. तो स्टँडवर, गिटारवाल्याच्या कानाच्या उंचीला ठेवा, म्हणजे तो आपणहून आवाज कमी करील. तुझा मॉनिटर, म्हणजे तुझाच आवाज तुला ऐकवणारा स्पीकर, माइकच्या बरोबर मागच्या बाजूला, तुझ्याकडे तोंड करून. एसएम 58 सारखा कार्डिऑइड माइक समोरून जास्त आणि मागून सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून शिट्टी (फीडबॅक) येत नाही. आणि माइकची जाळी मुठीत धरायची सवय सोड. जाळी झाकली की माइक चहूबाजूंनी ऐकायला लागतो, फीडबॅक येतो, साउंडवाला तुझा आवाज खाली करतो आणि तू आणखी जोर लावतोस.

बरोबर ग्रोल मुळात मोठा नसतो. तो स्वरतंतूंच्या वरच्या घड्यांमधून येतो, पोटाचा श्वास त्याला आधार देतो आणि मोठा करायचं काम माइकचं. खाकरावंसं वाटलं, टोचलं की थांबायचं, त्या दिवशी पुन्हा नाही. सरावानंतर वरच्या पट्टीत अगदी हळू आवाजात गुणगुणून बघ. तो स्वर फाटला किंवा उमटलाच नाही, तर सूज आली असं समज.

डॉक्टरांनी परवानगी दिली की असं सुरू कर: ग्लासातल्या पाण्यात स्ट्रॉ दोन-तीन सेंटिमीटर बुडवून दहा मिनिटं खालून वर, वरून खाली गुणगुणायचं. मग हलका ग्रोल, सुरुवातीला सलग वीस मिनिटांच्या वर नाही. पाणी दिवसभर पीत राहा, स्टेजवर घटाघटा पिऊन भरपाई होत नाही. सराव संपवून रात्री बाराला ठेचा-भाकरी खाऊन आडवं व्हायचं, हे बंद. आम्लपित्त रात्रभर घशाशी येतं. जेवण झोपेच्या तीन तास आधी उरकायचं.

नोकरी सोडू नको. या संगीतात फ्रंटमननं, म्हणजे बँडच्या मुख्य गायकानं, दुसरं काम करण्यात कमीपणा नाही. आयर्न मेडन या इंग्लंडच्या मेटल बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन प्रवासी विमानांचा पायलट होता. फेब्रुवारी 2008 च्या मुंबईच्या कार्यक्रमाला त्यानं बँडचं विमान स्वतः चालवत आणलं होतं. मुंबईच्या डेमोनिक रिझरेक्शन या मेटल बँडचा साहिल मखीजा स्वयंपाकाचं यूट्यूब चॅनल चालवतो. तुमचा बँड वर्षभर प्रवास, सरावाची खोली आणि रेकॉर्डिंगचा खर्च स्वतः काढू लागला आणि तुझ्याकडे सहा महिन्यांचा घरखर्च साठला, की मग बोलू.

बँडवाल्यांना हेही सांग: डिकिन्सनला जिभेच्या मुळाशी कर्करोग निघाला, तो 2015 मध्ये बरा झाला, आणि तो सावरेपर्यंत आयर्न मेडननं पुढचा दौरा 2016 वर ढकलला. गायक बदलला नाही. तुमच्यात मात्र आजच कागद व्हायला हवा. बँडचं नाव कुणाचं, कुठल्या गाण्याचे शब्द कुणाचे, चाल कुणाची, पैशाची वाटणी कशी, एकजण गेला तर जुनी गाणी कोण वाजवणार, हे लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. शब्द तुझे असतील तर आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांना रॉयल्टी मिळवून देणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घे.

बाबांशी वाद घालू नको. त्यांना तुझा पगार आणि तुझा गळा, दोन्हींची काळजी आहे, आणि आत्ता ती रास्त आहे. डॉक्टरकडे जाताना त्यांना सोबत घे.

पुण्याच्या आयोजकांना याच आठवड्यात फोन कर. महिनाभर आधी कळलं तर त्यांना दुसरा बँड मिळेल आणि पुढची तारीख मागायला तुला तोंड राहील.