रसायन, जीवशास्त्र आणि फिजिक्सची एकत्र संशोधन लॅब उभारायची आहे. सुरुवात कुठून करावी, खर्च किती येईल?

तुम्ही लिहिलंय, "६० बाय ३० फुटांचा हॉल मिळालाय, आर्किटेक्टचा प्लॅन तयार आहे, उपकरणांची यादी नंतर ठरेल." घोडं इथेच पेंड खातं. यादीवरून हॉल ठरतो, हॉलवरून यादी नाही. बांधकाम विभागाला हे पटवताना माझं तोंड दुखलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फ्यूम हूड म्हणजे विषारी वाफा ओढून बाहेर टाकणारं, पुढे सरकती काच असलेलं कपाट. सहा फुटी हूडची काच दीड फूट उघडली की तोंड (आतली रुंदी पाच फूट धरून) साधारण साडेसात चौरस फुटांचं होतं. तिथे हवेचा वेग मिनिटाला १०० फूट हवा, म्हणजे एका हूडला ७५० सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा). सहा हूड धरले तर ४५००. तुमच्या हॉलमध्ये, उंची १० फूट धरली तर, १८,००० घनफूट हवा आहे. म्हणजे दर चार मिनिटांनी अख्ख्या खोलीची हवा गच्चीवरून बाहेर. एसीने गार केलेलीसुद्धा.

एका विद्यापीठात नेमकं हेच झालं. हूड सहा, भिंतीवर आठ स्प्लिट एसी, आणि बाहेरून ताजी हवा आत आणायची सोय शून्य. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, हे कुणी लक्षातच घेतलं नाही. सगळे पंखे लागले की दार ढकलायला दोन हात लागायचे. हवा मिळेल तिथून आत यायची: खिडकीच्या फटींतून धूळ, सुकलेल्या नहाणी ट्रॅपमधून (वास अडवायला पाणी धरून ठेवणाऱ्या जाळीखालच्या भांड्यातून) गटाराचा वास. कल्चरमध्ये, म्हणजे वाढवायला ठेवलेल्या पेशींत, बुरशी आली तेव्हा बोलणी खाल्ली विद्यार्थ्यांनी. हूडच्या तोंडाशी उदबत्ती धरली, तर धूर आत जायच्या ऐवजी काठावर घुटमळून माणसाच्या नाकाकडे वळत होता.

इलाज माहीत होता. बाहेर जाते त्याच्या नव्वद टक्के, म्हणजे ४००० सीएफएम, गाळून आणि गार करून आत सोडायची. उरलेली तूट खोली उणे दाबात ठेवते, म्हणजे आतला दाब बाहेरपेक्षा किंचित कमी. पण त्यासाठी दोन बाय दोन फुटांचा डक्ट लागतो आणि तुळईखाली जागाच नव्हती. अमेरिकेतल्या साल्क इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेत आर्किटेक्ट लुई कानने लॅबच्या प्रत्येक मजल्याच्या वर नऊ फूट उंचीचा निव्वळ पाइप-डक्टचा मजला दिला, तो उगाच नाही. आपण तेवढं मागत नाही, पण मजल्याची उंची १४ फूट तरी घ्या. आणि ३८ अंशांची ४००० सीएफएम हवा २४ वर आणायलाच नऊ टनांचा एसी लागतो. पावसाळ्यात बाष्प काढायचे टन वेगळे. वीजजोडणीचा अर्ज त्या हिशेबाने करा.

टिश्यू कल्चरला स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र हवा. बायोसेफ्टी कॅबिनेट (हवा गाळून माणूस आणि नमुना दोघांना जपणारं कपाट) दारासमोर किंवा एसीच्या झोतात नको. लॅमिनार फ्लो (नमुन्यावर गाळलेल्या हवेचा झोत सोडणारं टेबल) म्हणजे बायोसेफ्टी कॅबिनेट नव्हे. आडवा झोत असेल तर तो हवा काम करणाऱ्याच्या तोंडावर सोडतो. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप तळमजल्यावर, लिफ्ट आणि ट्रान्सफॉर्मरपासून लांब, आणि जागा ठरवण्याआधी २४ तास कंपन आणि चुंबकीय क्षेत्र मोजून घ्या. लिक्विड नायट्रोजन सांडला की वायू होऊन सुमारे ७०० पट फुगतो आणि खोलीतली हवा बाहेर ढकलतो: ६० घनमीटरच्या खोलीत १० लिटर सांडला, तर ऑक्सिजन २१ वरून साडेअठरा टक्क्यांवर येतो. त्यामुळे १९.५ टक्क्यांना वाजणारा अलार्म नाकाच्या उंचीवर बसवा. सिलिंडर इमारतीबाहेर, हायड्रोजन वेगळा.

खर्चाचं विचारलंत. यादी नसताना कुणी प्रति चौरस फूट दर सांगितला, तर तो फर्निचरचा दर समजा.

हो, हूड दोनच असतील आणि बाकी काम कॉम्प्युटर-लेझरचं असेल, तर वरचं निम्मं गणित तुम्हाला लागू नाही. पण मग पाच वर्षांनी तिसरा हूड मागणाऱ्या प्राध्यापकांसाठी गच्चीपर्यंतची एक शाफ्ट आजच मोकळी ठेवा, आणि तिच्यात स्टोअरचं कपाट बसवू देऊ नका.