.३०८ साठी डाय घेताय? आधी झाडलेली केस मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बोल्ट-ॲक्शन .३०८ रायफल, ३०० मीटरपर्यंत कागदी टार्गेट, झाडलेल्या केसेस (काडतुसाच्या रिकाम्या पितळी नळ्या) पुन्हा भरायच्या, आणि पैसे एकाच चांगल्या डायपुरते. (डाय म्हणजे केस पुन्हा मापात आणणारा किंवा तीत बुलेट बसवणारा साचा.) एक जण म्हणतो नेक डाय घ्या (केसचा फक्त गळा, म्हणजे नेक, आवळणारा), दुसरा म्हणतो बुशिंगवाला (नेक आवळणारं कडं बदलता येतं असा), आणि तिसऱ्याच्या मते मायक्रोमीटर सीटर (बुलेट किती खोल बसवायची ते आकड्यावर लावता येणारा डाय) नसेल तर बाकी सगळं पाण्यात.

माझं मत: पैसे साइझिंग डायवर, म्हणजे केस मापात आणणाऱ्या डायवर घाला. फुल-लेंग्थ (अख्खी केस दाबणारा), बुशिंग बसणारा. सीटर साधा चालेल.

नेक डायवर मीही बरीच वर्षं होतो. फक्त नेक आवळायची, बाकी केस चेंबरच्या (रायफलमध्ये काडतूस बसतं त्या जागेच्या) मापाची राहू द्यायची, हे ऐकायला पटतं. पण केस प्रत्येक फायरिंगला थोडी फुगते, आणि एक दिवस बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) जड लागायला लागतो. माझा चौथ्या फायरिंगनंतर लागला, तोही ऐन मॅचमध्ये. प्रत्येक शॉटला हँडल दाबायचं म्हणजे रायफल बॅगवरून हलणार, पोझिशन मोडणार, आणि ग्रुप (टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका) उघडला की दोष पावडरला. शेवटी त्या केसेस फुल-लेंग्थ कराव्या लागतातच. मग पहिल्यापासून दर वेळी तेच आणि तेवढंच का करू नये?

‘तेवढंच’ हा शब्द महत्त्वाचा. डायसोबतच्या कागदावर बहुधा लिहिलेलं असतं की डाय शेलहोल्डरला (केसचा तळ धरणाऱ्या तुकड्याला) टेकवा आणि आणखी पाव फेरा द्या. असं केल्यावर काडतूस कुठल्याही रायफलमध्ये जाईल, पण तुमच्या चेंबरच्या मानाने शोल्डर (नेकखालचा उतार) फार मागे ढकलला जाऊ शकतो. मग दर फायरिंगला केस बुडाशी ताणली जाते, तळाच्या जरा वर चकचकीत कडं दिसायला लागतं, आणि पुढे केस तिथूनच तुटते. तसं कडं दिसलं की केस सरळ भंगारात.

म्हणून आधी मोजा. दोन-तीनदा याच रायफलमधून झाडलेली केस घ्या. जुना प्रायमर (तळातली पेट देणारी टोपी) काढून टाका, तो किंचित वर आलेला असला तर माप चुकतं. कॅलिपरला कंपॅरेटर (शोल्डरवर ठरावीक जागी टेकणारा जोड) लावून तळापासून शोल्डरपर्यंतचं अंतर घ्या. समजा १.६३० इंच आलं. साइझ केल्यावर ते १.६२८ यायला हवं, म्हणजे दोन थाऊ कमी. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. दोन थाऊ म्हणजे ०.०५ मिलिमीटर.) डाय थोडा थोडा खाली घेत जा आणि दर वेळी मोजा. सेमी-ऑटो असती तर तीन-चार थाऊ म्हटलं असतं.

आता बुशिंग. साध्या डायमध्ये नेक आधी गरजेपेक्षा जास्त आवळली जाते, मग एक्स्पांडरचा गोळा आतून ओढत बाहेर येतो आणि ती पुन्हा उघडतो. या ओढाताणीत नेक वाकडी होते आणि शोल्डरही थोडा वर खेचला जातो. बुशिंगमध्ये नेक किती आवळायची ते तुम्ही ठरवता. बुलेट बसवलेल्या काडतुसाची नेक बाहेरून मोजा. ०.३३६ इंच आली तर ०.३३४ चं बुशिंग घ्या आणि एक्स्पांडरचा गोळा काढून ठेवा. एकच खोट आहे: बुशिंग बाहेरून दाबतं, त्यामुळे नेकची जाडी कमीजास्त असेल तर तो फरक आत जातो. नेक टर्न करत (बाहेरून कातून जाडी सारखी करत) नसाल तर एक थाऊ घट्ट बुशिंग घ्या आणि नंतर वेगळ्या डायमध्ये ०.३०६ चा मँड्रेल (गुळगुळीत गोल दांडा) वरून खाली घाला. मँड्रेल ओढत नाही, ढकलतो, म्हणून नेक सरळ राहते.

बजेट फारच ताणलं गेलं तर ली कंपनीचा कॉलेट नेक डाय वाईट नाही. तो नेक मँड्रेलवर दाबतो, ल्यूबही (वंगण) लागत नाही. पण शोल्डर मागे न्यायला कधीतरी दुसरा डाय लागणारच, हे धरून चला.

ल्यूबवरून आठवलं. बाटलीसारख्या गळ्याच्या केसला कार्बाइड डाय असला तरी ल्यूब लागतंच. पहिल्या महिन्यात मी स्प्रे मारून लगेच केस डायमध्ये घातली. त्यातलं अल्कोहोल उडायला मिनिटभर तरी द्यावं लागतं, ते दिलं नाही. केस आत जी अडकली, ती बुडाला ड्रिलने भोक पाडून, त्यात आटे पाडून, बोल्टने ओढून काढावी लागली. उलट ल्यूब जास्त झालं तर शोल्डरवर खळगे पडतात. बोटांना जेमतेम जाणवेल एवढंच हवं.

सीटरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मायक्रोमीटर ही सोय आहे, त्याने ग्रुप लहान होत नाही. बघायचं ते स्टेम, म्हणजे सीटरमधला बुलेट खाली दाबणारा दांडा. लांब टोकदार बुलेटचं टोक स्टेमच्या तळाला टेकत असेल तर सीटिंगची खोली दर वेळी वेगळी येते, कारण सगळी टोकं सारखी नसतात. स्टेम टोकावर नाही, खाली उतारावर टेकायला हवं. तळापासून ओजाइव्हपर्यंत (बुलेटच्या त्या उतारापर्यंत) मोजलं की लगेच कळतं. बुलेट बसण्याआधीच केसला स्लीव्हमध्ये धरणारा फॉर्स्टरसारखा सीटर पुढेमागे जरूर घ्या. क्रिंप (केसचं तोंड बुलेटवर दाबणं) नको. साध्या सीटरमध्ये क्रिंपची कड असते, ती केसच्या तोंडाला लागणार नाही एवढा डाय वर ठेवा.

पाच झाडलेल्या केसेसचं शोल्डरचं माप आणि भरलेल्या काडतुसाच्या नेकचं माप कळवा, मग कुठलं बुशिंग घ्यायचं ते सांगतो. त्याआधी ऑर्डर देऊ नका.