व्हिडिओ पाहून घरच्या घरी इकेबाना शिकता येईल का, की शिक्षक हवाच?

इकेबाना ही जपानी पुष्परचनेची कला म्हणजे मोजक्या फुलांची साधी सजावट असेल, तर ती व्हिडिओ पाहून घरी का शिकता येऊ नये, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर स्पष्ट आहे: येणार नाही. अगदी हाच प्रश्न माझ्या थोरल्या भावाने सात वर्षांपूर्वी टोकियोत, माझ्याच घरात, बराच आवाज चढवून विचारला होता. त्या वेळी मला त्याला जे नीट सांगता आले नाही, ते येथे सविस्तर लिहितो.

मी तेव्हा नोकरीनिमित्त टोकियोत राहत होतो आणि दर शनिवारी इकेबानाच्या सोगेत्सु शैलीच्या एका शिक्षिकेकडे शिकायला जात असे. फेब्रुवारीतल्या एका पाठाला मोरीबाना, म्हणजे उथळ भांड्यातली रचना, होती आणि साहित्य म्हणून नेकोयानागीच्या फांद्या व फ्रीजियाची फुले मिळाली होती. नेकोयानागीच्या काडीवर रुपेरी, लव असलेल्या कळ्या असतात आणि तिची फांदी तळहाताच्या उबेने, घाई न करता, हवी तशी वाकवता येते. माझे भांडे ३० सेंमी व्यासाचे आणि ६ सेंमी खोल होते. म्हणून शिन, म्हणजे मुख्य फांदी, व्यास आणि खोली यांच्या बेरजेच्या दीडपट, ५४ सेंमी. सोए, म्हणजे दुसरी फांदी, तिच्या पाऊणपट, सुमारे ४० सेंमी. आणि हिकाए, म्हणजे तिसरी, सोएच्या पाऊणपट, ३० सेंमी. उभ्या रेषेपासून शिन १५ अंश, सोए ४५ अंश, हिकाए ७५ अंश झुकवायची. हे सारे मी पाठ करून गेलो होतो आणि मापांत चूक नव्हती. तरीही बाई रचनेसमोर बराच वेळ बसून राहिल्या, मग उठून तिच्या बाजूला गेल्या आणि शिनचे टोक त्यांनी दोन बोटे पुढे, पाहणाऱ्याच्या दिशेने आणले. समोरून फांदीचा आकार होता तसाच दिसत होता, पण भांड्यातले जे मोकळे पाणी तोवर नुसते उरलेले वाटत होते, ते आता त्या फांदीखाली आले आणि तिचे झाले. बाई एक शब्दही बोलल्या नाहीत.

पाठ संपला की रचना मोडायची, फुले-फांद्या कागदात गुंडाळून घरी आणायच्या आणि आठवणीतून पुन्हा मांडायच्या, अशी तेथील पद्धत आहे. खरे शिकणे या दुसऱ्या मांडणीतच होते. मला त्या संध्याकाळी दोन तास लागले. रचना दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर ठेवून मी दूध आणायला गेलो. दादा पंधरा दिवसांसाठी कोल्हापूरहून आला होता. मी परतलो तेव्हा शिन ताठ उभी होती आणि बादलीत उरलेली तीन फ्रीजिया मोकळ्या पाण्याच्या जागी खोचलेली होती. “कलंडली होती, सरळ केली,” दादा म्हणाला, “आणि ते रिकामे वाईट दिसत होते.” त्याचा हेतू चांगलाच होता. मी चिडल्यावर त्याने फोनवर एक व्हिडिओ लावून दाखवला, “बघ, हिची फांदी सरळच आहे. हे बघून होण्यासारखे आहे, त्याला महिन्याला पैसे कशाला मोजतोस?” मी एवढेच म्हणालो, “हात लावत जाऊ नकोस.” त्या रात्री आम्ही एकत्र जेवलो नाही.

त्याला द्यायचे उत्तर त्याच्याच हातात होते. त्या व्हिडिओतली फांदी सरळ नव्हतीच; ती कॅमेऱ्याकडे झुकलेली होती आणि कॅमेरा नेमका समोर असल्यामुळे तो झोक दिसत नव्हता. मोरीबानाची खोली समोरच्या चित्रातून कळत नाही. ती बाजूने पाहूनच दुरुस्त करावी लागते आणि ती दुरुस्ती करणारा हात सुरुवातीला आपला नसतो. शिकवणीचे पैसे मी त्या दोन बोटांसाठी देत होतो.

‘मोजक्या फुलांची’ हा शब्दप्रयोगही मला मान्य नाही. क्योतोच्या रोक्काकुदो मंदिरातील भिक्षू इकेनोबो सेन्केई यांनी सोनेरी पात्रात केलेल्या रचनेची १४६२ सालची नोंद आहे आणि तिच्यात फुला-फांद्यांच्या कित्येक दहांची संख्या सांगितली आहे. पुढे बहरलेली रिक्का ही उभ्या रचनेची औपचारिक शैली तर भरगच्चच असते. उथळ भांड्यातली मोरीबाना ओहारा उन्शिन यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस रूढ केली. तेव्हा फुले किती यावर काही ठरत नाही. प्रत्येक मोकळी जागा कोणत्या फांदीची आहे, हे ठरवता आले पाहिजे. मोकळी जागा म्हणजे फुलांची काटकसर, असे समजणाऱ्याने इकेबाना करूच नये.

आता साहित्याविषयी. केन्झान, म्हणजे फांद्या खोचायचा खिळ्यांचा धातूचा ठोकळा, जड घ्या. हलका केन्झान तिरप्या फांदीच्या भाराने उलटतो. लाकडी फांदी तिरपी कापा, मऊ देठ आडवा सरळ कापा आणि शक्यतो पाण्याखाली कापा. फांदी आधी उभी खोचून मग हव्या त्या बाजूला झुकवायची असते. एवढे मात्र व्हिडिओतून उत्तम शिकता येते, हे मान्य केले पाहिजे. शिवाय सोफू तेशिगाहारा यांनी १९२७ साली स्थापलेल्या सोगेत्सुचीच भूमिका अशी आहे की इकेबाना कोणीही, कोठेही, कोणत्याही वस्तूने करू शकतो. दादाने हे वाक्य माझ्या तोंडावर फेकले असते तर मी निरुत्तर झालो असतो. पण ‘कोणीही’ याचा अर्थ ‘न शिकलेला कोणीही’ असा मी घेत नाही. आपल्या गावात शिक्षक नसेल, तर व्हिडिओवरून सुरुवात जरूर करा आणि प्रत्येक रचनेचे समोरून व बाजूने असे दोन फोटो काढा. मला दाखवायचे असतील तर दोन्ही पाठवा. नुसत्या समोरच्या फोटोवर मी मत देत नाही, दादालाही नाही.